पांढरी कवळी

"काढा डॉक्टर, आधी काढा ही!"

आरसा हातात येताच द्वारकाबाईंनी तोंडावर पदर घेतला. डॉक्टर चक्रावले. क्षणापूर्वी तर सगळं छान जमलं होतं. द्वारकाबाईंच्या खालच्या जबड्यात स्वतःचे दोनच दात उरले होते. डॉक्टरांनी ते उपटले नाहीत. त्यांनाच तारेचे आकडे अडकवून कवळी बसवली. लोणी भापकर गावच्या एका आप्पांची कवळी शिंकेसरशी ताटात पडायची. ही जागची हलत नव्हती. परीक्षेसाठी पदरात बांधून आणलेला भाकरीचा तुकडाही द्वारकाबाईंनी कटकन तोडला होता. वर्षभर त्या भाकरी दुधात कुस्करून गिळत होत्या.

"दुखतंय का?"

"न्हाय."

"मग सैल आहे?"

"न्हाय वो. पांढरी हाय!"

लग्न झाल्यापासून द्वारकाबाई दातवण लावून दात काळे करत आल्या होत्या. त्यांच्या लेखी काळे दात सवाष्णीचे, पांढरे विधवेचे. उरलेले दोन दातही काळेभोर होते.

"काळी करून द्या."

"हिच्यावर रंग धरत नाही, बाई."

"मग ऱ्हाऊ द्या. कुस्करून खाईन मी. धनी जित्तं असताना असलं तोंड घिऊन भर बाजारातनं जायाची न्हाय!"

धनी, म्हणजे जोतीरामतात्या, दवाखान्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होते. एस. टी. तून उतरल्यावर नेहमीप्रमाणे ते पुढे आणि द्वारकाबाई दहा पावलं मागे, अशी दोघं बारामतीच्या बाजारातून इथवर आली होती. तात्या आत आले.

"बघू."

द्वारकाबाईंनी पदर जरासा सरकवला.

"झ्याक दिसत्यात. चल."

"अवो, पर लोक काय म्हणतील?"

"चल म्हणतोय न्हवं!"

गुरुवारचा बाजार ऐन भरात होता. तात्या सवयीनं पुढे निघाले. पदर दातांत घट्ट धरून द्वारकाबाई मागून चालू लागल्या. मेथीच्या ढिगापाशी ओळखीच्या दोघीतिघी बसल्या होत्या. त्या दिसताच तात्या थांबले. ते थांबले म्हणून द्वारकाबाईही सवयीनं तिथंच थांबल्या.

तात्यांनी वळून पाहिलं आणि ते त्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "थांबतीस काय? ये की माझ्या शेजारी. मी जित्ता हाय, ते दिसू दे समद्यांना!"