बासष्टाच्या सत्तावन्न

मासिकाचा मार्चचा अंक टपालाने आला, तसा उर्होने अंगातला कोटही न काढता तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. थेट 'गमतीचं गणित' हे सदर. सरकत्या ठोकळ्यांच्या कोड्याचा निकाल होता. ऑक्टोबरात लेखकाने स्वतःच्या एकोणसाठ खेळ्या सांगून वाचकांना डिवचलं होतं: कमीत करून दाखवा, नाव छापतो.

नाव छापलं होतं विचिटा शहरातल्या कुणा मिसेस फेंटनचं. खेळ्या सत्तावन्न.

उर्होने वही काढून बोटाने एकेक ओळ ताडून पाहिली. "हिल्का, अगं या माझ्याच खेळ्या! नोव्हेंबरातच केल्यात मी!"

"मग पाठवल्या का नाहीस?" त्याची बायको पीठ मळता मळता म्हणाली.

"माझ्या बासष्ट भरल्या ना!"

एकोणसाठाच्या खाली यायला त्यातल्या चार कमी करण्यात त्याने अख्खा हिवाळा घालवला होता. छपरावरचं बर्फ तसंच साचलं. नातीच्या बारशाला जातानाही मांडीवर ठोकळे होतेच.

निकालाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ठोकळा न थांबता कोपऱ्यावर वळला, तर ती एकच खेळी. हे ऑक्टोबरातच सांगितलं होतं.

"कुठे सांगितलं होतं?" उर्हो भडकला. "तो अंक मला तोंडपाठ आहे!" चाळीस वर्षं गव्हाच्या कोठारावर वजनकाटा सांभाळलेला माणूस, मोजण्यात चूक त्याला कशी पटावी?

हिल्काने हात पुसून ठोकळ्यांचा पट उचलला. दर कोड्याची आकृती अंकातून कापून उर्हो पुठ्ठ्यावर डकवत असे. तिने सुरीने एक कोपरा सोडवला. कागदाच्या पाठीवर, डिंकाने अर्धवट पुसलेला, नियम होता.

"चिकटवण्याआधी उलटून तरी बघायचंस रे!"

उर्होने वळणं मोजली. पाच. बासष्टावर काट मारून सत्तावन्न लिहिलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. "सही कर. मी आधी केलं, याला कुणीतरी साक्षीला हवं."

हिल्का समोर बसली. वहीत बघत तिने एकूण एक खेळी स्वतः सरकवून पाहिली. मग पूर्ण नावाची सही केली आणि खाली तारीख घातली.

"आजची कशाला?" उर्हो ओरडला. "नोव्हेंबरची घाल!"

"तू केलंस नोव्हेंबरात," ती म्हणाली. "मी बघितलं आज."