टेसाची गोधडी

काउंटीच्या जत्रेत मेंढ्यांच्या रिंगणाशी उभी राहून जनेल लिंबू सरबत पीत होती आणि हॉफमनांच्या पोराला फिदीफिदी हसत होती. कोकरू त्याला फरफटत नेत होतं.

"अगं, ते ओळखतं तरी का त्याला? वर्षभर गड्याने सांभाळलं आणि हे ध्यान आज नुसतं दोरी धरायला आलंय!" ती मैत्रिणीला, डार्लीनला, म्हणाली. "आणि ओल्सनच्या पोरीने मांडलेलं ते पाखरांचं लाकडी घर बघितलंस? बापाने ठोकलंय, आंधळ्यालाही दिसेल. लाज कशी वाटत नाही गं या लोकांना? स्पर्धा मुलांची आहे ना?"

मग ती डार्लीनला घेऊन तोऱ्यात हस्तकलेच्या मांडवात शिरली. आईबापांनी मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं, असा तिथला नियम. पुढे टेबलाशी तिची नऊ वर्षांची टेसा परीक्षकबाईंसमोर उभी होती. गोधडी अगदी दृष्ट लागावी अशी झाली होती. कापड कसं निवडलं, दोरा कुठला, अस्तर कसं लावलं, टेसाने सगळं घडाघडा सांगितलं. जनेलने डार्लीनकडे ऐटीत बघितलं.

परीक्षकबाईंनी पहिल्या नंबरची निळी फीत उचलली आणि कौतुकाने शेवटचं विचारलं, "पुढच्या वर्षी यात काय सुधारशील, बाळ?"



"पुढच्या वर्षी आजीकडून शिवून घेईन. ती म्हणते, आईचे टाके फार मोठे पडतात."