काज

लेकीच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे हे कळल्यापासून, कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण करणाऱ्या आईचा जीव टांगणीला लागला होता. आज तपासणीच्या खोलीत लेकीचा फ्रॉक काढताना बटण तुटलं आणि आईच्या मुठीतच राहिलं. “केवढं आहे हो भोक?” तिने विचारलं. “केवढं ते नंतर. आधी कुठे ते बघू. जागेवरून त्याचं नाव ठरतं, नावावरून इलाज,” स्क्रीनवरची नजर न हटवता डॉक्टरबाई म्हणाल्या. “कडेला असलं तर छाती उघडावी लागते.” आईने बटणावरची मूठ आवळली. “थांबा... हे मधोमध आहे! भोवती काठही चांगला. पायाच्या शिरेतून चकती नेऊन भोकावर बसवू.” आईची मूठ उघडली. पलंगावरून लेक म्हणाली, “आई, भोकाला काठ असला की काज म्हणायचं ना?” आई हसली. “हो गं बाई, बटणच तेवढं लावायचं राहिलंय.”