बाईंचा नळ

लोहार बोलायला उभा राहिला आणि बाईंनी हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली. शाळेच्या याच खोलीत त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. आज तिथं होईलकाकांची शोकसभा होती. काका म्हणजे बाईंचे सख्खे शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. म्हणून शेवटचं भाषण बाईंचं, असं दुकानदारानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

होईलकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छप्पर गळू दे, गाय अडू दे, आजाऱ्याला खांद्यावरून गाडीपर्यंत न्यायचं असू दे, काका एकच शब्द बोलायचे, ‘होईल.’ आणि व्हायचं! स्वतःचं शेत पहाटेच उरकायचं आणि मग दिवसभर गाव निस्तरायचं. बायको नाही, पोर नाही. कुणी हाक मारली आणि काका आले नाहीत, असं कधी झालं नाही.

“बारा वर्षांपूर्वी काकांनी माझ्या भात्याला चामडं लावून दिलं,” लोहार सांगत होता. “आजतागायत त्याला पुन्हा हात लावावा लागला नाही!”

मेल्या म्हशीला मणभर दूध, बाईंच्या मनात आलं. आल्याबरोबर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण खोटं काय होतं त्यात? त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ काका आज दुरुस्त करून जायचे आणि आठव्या दिवशी तो पुन्हा ठिबकायला लागायचा. बाईंचा नवरा गेला तेव्हापासून, अकरा वर्षं हाच खेळ. काका पाना घेऊन यायचे, जमिनीवर ऐसपैस बसायचे आणि अर्ध्या तासाच्या कामाला अख्खी सकाळ लावायचे. दोनदा चहा व्हायचा. वर गप्पा! बैलानं चिखलात कसं लोळवलं, आईनं गणितावरून कसं बदडलं, काही विचारू नका. बाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या आणि मधेच दटावायच्या, “काका, तोंड आवरा, हात चालवा!”

गेल्या महिन्यात मात्र त्यांचा संयम सुटला. “काका, तुम्हाला हे काम येत नाही,” त्या म्हणाल्या. “कबूल करा ना एकदाचं!” काका बराच वेळ पाना पुसत राहिले. “नाही येत खरं, बाई,” एवढंच बोलून ते उठले. दुसऱ्याच दिवशी बाईंनी शहरातून प्लंबर आणला. त्यानं नळ उघडला आणि हसायलाच लागला. “झिजलेला वॉशर काढून दुसरा झिजलेलाच घातलाय की हो! असं तर कालचा शिकाऊसुद्धा करत नाही.” नळ दहा मिनिटांत ठीक झाला. बघा, मी म्हणतच होते, असं वाटून बाईंना बरं वाटलं होतं.

त्यानंतर काकांना यायचं काही कारण राहिलं नाही. एकदोनदा कुंपणापलीकडे दिसले, पण मान खाली घालून निघून गेले. मग ताप आला. चार दिवस ते एकटेच अंथरुणावर पडून होते आणि पाचव्या दिवशी दूधवालीला गेलेले सापडले. भिंतीला भिंत लागून घर, आणि बाईंना पत्ता नव्हता. म्हणून तर त्यांनी कागदावर चांगलं चांगलं लिहून आणलं होतं.

आता दूधवाली उभी राहिली. “माझ्या गोठ्याचं दार काकांनी बसवलं. सात वर्षं झाली, कुरकुरलंसुद्धा नाही.” तिनं पदरानं डोळे टिपले. “पण माणूस फार अबोल हो. काम झालं की चालू पडायचे. घडीभर टेकले असतील तर शपथ.”

“अहो, बारा वर्षांत माझ्याशी बारा वाक्यं बोलले नसतील,” लोहार बसल्या जागेवरून म्हणाला. खोलीभर माना हलल्या.

“आणि चहा?” बाईंनी एकदम विचारलं. सगळे वळून बघायला लागले.

“छे! कधीच नाही. आम्हाला वाटायचं, त्यांना चालतच नाही,” दूधवाली म्हणाली.

काकांना साखर जास्त लागायची. दुसऱ्या कपाला तर ते स्वतःच डबा पुढे ओढायचे.

दुकानदारानं त्यांचं नाव घेतलं. बाकाचा आधार घेऊन बाई उठल्या. वाचायला म्हणून कागद उघडला, आणि पहिल्याच ओळीशी अडखळून मिटला. समोर अख्खं गाव बसलं होतं. या सगळ्यांची दारं, छपरं, भाते काकांनी एकदाच आणि पक्के केले होते. या सगळ्या घरांतून ते उभ्या उभ्या परत आले होते. बसायचे ते फक्त एका घरी.

“काकांनी अकरा वर्षं माझा नळ दुरुस्त होऊ दिला नाही,” बाई म्हणाल्या. तीस वर्षांत या खोलीत कधी फुटला नव्हता तो आवाज फुटला. “आणि मी शहरातून माणूस आणून तो दहा मिनिटांत करून घेतला.”