बाहुलीची परवानगी

"ताई, मी दर्शना. तुम्हाला तपासायचं आहे. तुमची परवानगी आहे ना?"

ताई काही बोलल्या नाहीत. बोलणार कशा? त्या रबराच्या होत्या. तरी दर्शनाने त्यांचे आभार मानले आणि त्यांची लाज राखायला पडदा पुढे ओढला. परीक्षक बाईंनी खूश होऊन गुण मांडले.

गेल्या वर्षी दर्शना इथेच आपटली होती. हात सफाईने चालले होते, रबराचं बाळ अलगद बाहेर आलं होतं; पण बाहुलीशी ती चकार शब्द बोलली नव्हती. रबराशी बोलायचं काय, असं तिला वाटलं. सौजन्यात भोपळा मिळाला आणि वर्ष गेलं. ही शेवटची संधी होती. आता गेलं, की सुईणीची पदवी कायमची बोंबलली. म्हणून सुट्टीत आपल्या गावी, अलोऱ्याला गेल्यावर ती गोधडीची वळकटी करून तिच्याशी गोडगोड बोलत बसायची. आईने घाबरून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. सुईण व्हायला विद्यापीठ कशाला लागतं, हे गावाला आधीच कळत नव्हतं. आता तर पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच ठरलं.

कॉलेजचा सरावाचा हॉल गळत होता, म्हणून परीक्षा थेट प्रसूतीच्या वॉर्डात ठेवली होती. पंखा आणि पडदा असलेली एकुलती एक खाट बाहुलीला मिळाली. नवी चादरसुद्धा. सकाळपर्यंत त्या खाटेवर गंगा होती. वेळणेश्वरकडची, पहिलटकरीण, नवरा मुंबईहून यायला निघालेला. तिला उचलून दाराजवळच्या कुरकुरत्या खाटेवर टाकलं. परीक्षेत गर्दी नको, म्हणून तिच्या सासूला बाहेर काढलं. बाहुलीच्या उशाशी मात्र दीपाली नावाची विद्यार्थिनी 'नातेवाईक' म्हणून उभी होती. प्रसूतेजवळ आपलं माणूस हवंच, असं अभ्यासक्रमात लिहिलं आहे.

"आई गो! कंबर मोडली माझी!" गंगा कळवळली.

"ए, गप्प पड!" परीक्षक बाई कडाडल्या. "परीक्षा चाललीय, दिसत नाही? जगात तू एकटीच बाळंत होतेस काय?" मग दर्शनाकडे वळून मधाळ आवाजात म्हणाल्या, "हं, आता पेशंटला धीर द्या बरं."

दर्शनाने बाहुलीच्या कपाळावर हात ठेवला. "घाबरू नका ताई, मी आहे ना तुमच्याजवळ."

कपाळ गारढोण होतं. दाराकडून येणारा आवाज मात्र बदलला होता. आता ती ओरड नव्हती, दाबून धरलेला, खोल हुंकार होता. बाळ आता बाहेर यायला निघालंय, हा त्याचा अर्थ दर्शना इतकी वर्षं शिकली होती. बाईंनी तर तेच शिकवण्यात जन्म काढला होता. पण बाईंचं डोकं गुणपत्रिकेत होतं.

दर्शनाने हातमोजे काढले, नवे चढवले आणि दाराकडे वळली.

"कुठे निघालीस? पेशंटला अर्धवट सोडून गेलीस तर नापास करीन!"

पदवी गेली, हे दर्शनाला स्वच्छ दिसलं. आईला काय सांगायचं, हेही सुचेना. तरी पाय थांबले नाहीत. ती गंगाच्या खाटेशी वाकली. गोधडीसमोर घोटलेले शब्द आपसूकच तोंडात आले.

"ताई, मी दर्शना. तुम्हाला तपासू का? तुमची परवानगी आहे ना?"

गंगाने घामाने निथळणारी मान कशीबशी उचलली. गोंधळून तिच्याकडे बघितलं. मग पंख्याखालच्या खाटेकडे बोट करून ती म्हणाली,

"अगो बाय, भावली तिकडं हाय."