फीबद्दलची हरकत

"फीस भरो, पासपोर्ट लो, खलास," तुरुंगाच्या काउंटरमागून दुभाषी रफिक म्हणाला. "शाम की फ्लाइट मिल जाएगी."

सुमेधाची शिक्षा सकाळीच संपली होती. ती नोकरी करायची त्या कंपनीच्या खोट्या बिलांवर सह्या केल्याबद्दल आठ महिने. आता वकिलाची फी तेवढी राहिली होती. वकील तिने नेमला नव्हता, कोर्टाने दिला होता. तो एकदाच दिसला, तोही कोर्टातच. उभा राहिला, अरबीत काहीतरी बोलला आणि बसला. नंतर तिला शिक्षेचा आकडा सांगण्यात आला.

तिच्या नवऱ्याने, प्रकाशने, खिशातून पाकीट काढलं. "चार हजार दिरहम. म्हणजे नव्वदेक हजार रुपये," तो सवयीने पुटपुटला. "असू दे. भरून टाकू."

त्यांची मुलगी अस्मी भिंतीला टेकून उभी होती. "जस्ट पे इट, मम्मा."

सुमेधाने रफिकला विचारलं, "और नहीं भर सकी तो?"

"तो फीस पर ऑब्जेक्शन लेना पड़ेगा. फिर जज साहब खुद आपसे पूछेंगे."

"खुद?"

"हां. लेकिन तारीख अगले हफ्ते की मिलेगी. तब तक अंदर रहना पड़ेगा, मॅडम."

सुमेधाने पेन मागून घेतलं आणि हरकतीच्या अर्जावर सही केली.

"अगं, पैसे आहेत ना आपल्याकडे," प्रकाश म्हणाला. तिने अर्ज रफिककडे सरकवला. महिला पोलीस तिला परत आत घेऊन गेली. तिची गादी एव्हाना दुसरीला मिळाली होती. ती फरशीवरच आडवी झाली. रडू आलं नाही. रागही आला नाही. अस्मीचा चेहरा आठवून पाहिला, तर तोही कुठेतरी लांब असल्यासारखा वाटला.

पुढच्या आठवड्यात तिला जजसमोर उभं केलं. जज अरबीत विचारत होते, रफिक तिला हिंदीत सांगत होता.

"फी भरायला पैसे नाहीत तुमच्याकडे?"

"आहेत. नवऱ्याने आणलेत."

"मग हरकत कशाला घेतलीत?"

"तुम्ही मला काहीतरी विचारावं म्हणून."

रफिक जरा अडखळला. मग त्याने ते अरबीत सांगितलं. जजनी समोरचे कागद बाजूला केले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"बोला."

"त्या बिलांवरच्या सह्या माझ्या नव्हत्या," सुमेधा म्हणाली. रेशनच्या दुकानात पत्ता सांगावा, तशा आवाजात.

मागच्या बाकावर बसलेल्या प्रकाशने मान वर केली. आठ महिने तो न चुकता तिला भेटायला जात होता. जेवण कसं असतं, औषधं मिळतात का, सगळं विचारत होता. हे मात्र त्यानेही कधी विचारलं नव्हतं.