प्रार्थनेच्या वेळची खोली

प्रार्थना सुरू झाली तशा तपासनीस बाई उठल्या आणि कुणाला न विचारता जिना चढू लागल्या. मुख्याध्यापक मागोमाग धावले. बाई सभागृहात येतील असं त्यांनी धरलं होतं. बाईंना वरची खोली बघायची होती.

शाळा धर्मसंस्थेची, पण शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून. त्यासाठी अट एकच होती: प्रार्थनेची सक्ती करायची नाही, ज्याला नको असेल त्याला वेगळ्या खोलीत बसू द्यायचं. कागदावर सगळ्याच शाळा ही अट पाळत. बाई मात्र त्या खोलीचं कुलूप बघत, बाकांवरची धूळ बघत. नुसत्या धुळीपायी गेल्या वर्षी दोन शाळांचं अनुदान बंद झालं होतं. कुणी चहा पुढे केला तरी यात काय दडलंय असा चेहरा करणाऱ्या बाई त्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचा संशय सहसा खरा ठरे. इथलं अनुदान गेलं तर सहा महिन्यांत शाळेला टाळं लागणार, हे मुख्याध्यापकांना पक्कं माहीत होतं.

खोली उघडी होती. धूळ नव्हती. खिडकीपाशी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी चित्र रंगवत बसली होती. चारशे मुलांत ही एकटीच. बाईंना हे जरा जास्तच जमून आल्यासारखं वाटलं. आपल्याला दाखवायला पोर आणून बसवलीय, दुसरं काय.

त्यांनी मुख्याध्यापकांना बाहेर थांबायला सांगितलं. ते काहीतरी सांगू पाहत होते, पण बाईंनी दार लोटून घेतलं.

मग उलटसुलट विचारून झालं. मुलगी दोन वर्षं रोज इथेच बसत होती. प्रार्थना तिला आवडत नव्हती. अर्जावर आईने सही केली होती. उत्तरं धडाधड येत होती, आणि धडाधड येणारी उत्तरं बाईंना नेहमीच पाठ केलेली वाटत.

"मग मुख्याध्यापक रागावत नाहीत तुला?"

मुलीने पहिल्यांदाच खडू खाली ठेवला. दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"रागावतात. रोज."

सापडलं! बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "कधी? काय म्हणतात? घाबरू नकोस, सांग."

"जेवताना. म्हणतात, चारशे मुलं माझं ऐकतात आणि घरात एक पोर ऐकत नाही." मुलीने पुन्हा खडू उचलला. "पण ते घरी. शाळेत नाही बोलता येत बाबांना."